सुनेची ओढणी

वासरांना दूध पाजायचं काम वर्षानुवर्षं माझं. यंदा ते नव्या सुनेनं हाती घेतलं. दूध कोमट आहे ना, हे ती मनगटावर थेंब टाकून बघायची आणि दुधात बुडवलेलं बोट हगवण लागलेल्या एका लहान कालवडीला चोखायला द्यायची. कालवडीची हगवण थांबली, अंगावर तकाकी आली. पण माझ्या हाकेला ती मानही वळवेना. जनावर जीव लावणाऱ्याकडेच वळतं, हे मला कळत होतं. सोसत मात्र नव्हतं.

सून माहेरी गेली आणि कालवडीनं दुधाला तोंड लावलं नाही. शेवटी मी सुनेची ओढणी अंगावर घेतली. कालवडीनं ती हुंगली आणि बादली रिकामी केली.

संध्याकाळी सुनेचा फोन आला. "आई, प्यायली का ती?"

"प्यायली," मी म्हणाले. ओढणीचं काही ओठांवर आलं नाही.