अजून जरा निळा

"एवढा गोतावळा कशाला?" नव्या विद्यार्थ्याची रंगांच्या चोवीस ट्यूबांची पेटी बघून बाई म्हणायच्या. "तीन ठेवा, बाकीचे झोपवा. आणि त्या तिघांतही एकाचा थेंब दुसऱ्यात पडू द्या. रक्ताचं नातं लागलं की रंग भांडत नाहीत."

"माणसं भांडतात," पडद्याआडून नणंद हमखास बोलायची. तिचा भाऊ, म्हणजे बाईंचा नवरा, वारला, तेव्हापासून घरात ह्या दोघीच.

चित्रकलेचा वर्ग पुढच्या खोलीत भरायचा. येणारे सगळे नवखे: एक निवृत्त बँकवाले, एक कंपाउंडर, दोघी जावा. बाई त्यांच्या पाठीशी उभ्या राहून सांगायच्या, "अजून जरा निळा." गेली दोनेक वर्षं सगळ्यांनाच. नवखा माणूस बाईंच्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो, स्वतःच्या नाही. चित्रांतली लिंबं हिरवट झाली, भिंती गारठल्या, कुणी ब्र काढला नाही.

मग बाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली, त्या घरी आल्या आणि नवऱ्याच्या चित्रासमोर थबकल्या. तो गेल्यावर त्यांनीच रंगवलेलं.

"वन्सं, ह्याला हात कुणी लावला?"

"कुणी नाही गं."

"ओठ बघा यांचे! निळे पडलेत. शेवटच्या दिवशी होते तसे."

नणंद नखाने टेबल खरवडत राहिली. "वहिनी, ते पहिल्यापासून तसंच आहे."

"मग बोलला का नाहीत? दातखीळ बसली होती?"

"तू रोज त्याच्याशी गप्पा मारायचीस. कुठल्या तोंडाने सांगू?"

बाईंनी उजवा डोळा झाकला. डाव्यातला मोतीबिंदू तसाच होता, पिवळट काचेसारखा. त्या काचेतून नवरा गव्हाळ दिसला, नुकता उन्हातून आल्यासारखा.

चित्र दुरुस्त करायला त्या बसल्याही. पण थोडा पिवळा म्हणजे नक्की किती, हे विचारायला माणूस समोर नव्हता. ब्रश कोरडाच राहिला.

डॉक्टर म्हणाले, "डावाही उरकून टाकू. दोन डोळ्यांची दोन मतं, शिकवणार कशा?"

"नाही शिकवणार."

नणंदेने डोक्याला हात लावला. "अगं, वर्ग म्हणजे तुझा जीव! घरात बसून भिंती मोजणार आहेस?"

"डावा उघडला की हे गेले, वन्सं. पुन्हा."

त्या रविवारी मंडळी दारातून परत गेली. "बाईंना बरं नाही," नणंदेने सांगितलं. दार लावून ती आत आली. बाई चित्रासमोर बसल्या होत्या, चेहऱ्यावर मंद हसू.

"दिसतोय?"

"दिसतायत ना. छान दिसतायत."

नणंद शेजारी उभी राहिली. आधी एक डोळा झाकून बघितला, मग दुसरा. तिचे दोन्ही डोळे ठणठणीत होते.

"मला गं कसा दिसणार तो?" ती म्हणाली. "चहा आणताना, केर काढताना, मला रोज तोच शेवटचा दिवस दिसतो, वहिनी."

बाईंनी मान वळवली नाही.