वीज वाहू न देता

काटेवाडीहून बारामतीच्या कॉलेजात मी बी.एस्सी.पासून जात होते. पीएच.डी.ही तिथंच करते म्हटल्यावर पुण्याला जा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. पण माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सांगितलेला विषय माझ्या डोक्यातून जाईना.

रासायनिक अभिक्रिया घडवायची तर आपण द्रावण तापवतो किंवा त्यात उत्प्रेरक घालतो. मॅडमचं म्हणणं होतं, नुसत्या विद्युतक्षेत्रानंही अभिक्रियेचा वेग वाढवता येतो. क्षेत्राची दिशा उलटवली, तर अभिक्रियेतून मिळणाऱ्या दोन पदार्थांपैकी कोणता जास्त तयार व्हावा, हेही आपल्याला ठरवता येतं. जगात काही ठिकाणी हे जमलं होतं. आमच्याकडे ते करून बघायचं होतं.

मांडणी दिसायला साधी होती. काचेच्या दोन पट्ट्या, त्यांच्या आतल्या बाजूला वीजवाहक थर, त्यावर वीज अडवणारा पातळ थर आणि मधल्या फटीत द्रावण. पट्ट्यांना विजेचा दाब द्यायचा, पण द्रावणातून वीज वाहू द्यायची नाही.

आई भाजी निवडता निवडता हे ऐकायची. ती शाळेत फार शिकली नव्हती, पण अर्धवट उत्तर तिला चालायचं नाही.

"म्हंजी शॉक देती व्हय त्यास्नी?"

"न्हाय गं. वीज वाहतच न्हाय. नुसता तिचा ओढा असतो. रेणूची एक बाजू तिकडं ओढली जाती, त्यानं त्याचं वागणं बदलतं."

"आणि वाहिली तर?"

"तर सगळं फसलं."

आणि तसंच झालं. पहिल्यांदा अभिक्रिया वेगानं झाली तेव्हा मी प्रयोगशाळेत सगळ्यांना पेढे वाटले. मॅडमनी पेढा हातातच धरून विचारलं, "ही उष्णता नाही कशावरून?" ते तपासायलाच हवं होतं. म्हणून मी दाबाची दिशा उलटी केली. क्षेत्राचा परिणाम असता तर काहीतरी बदलायला हवं होतं. काहीच बदललं नाही. वीज अडवणाऱ्या थराला बारीक छिद्रं होती. त्यांतून वीज झिरपत होती आणि द्रावण तापत होतं.

त्या संध्याकाळी मी भाजीच्या वाफ्यांत जाऊन बसले. आई पाणी देत होती. सगळं ऐकून ती म्हणाली, "थर नीट बसंना तर दुसरा घाल. आता चूक कुठं हाय ते तर कळलं."

नीट थर घालायला शिकण्यात कितीतरी महिने गेले. पट्ट्यांवर धूळ बसू नये म्हणून मी खोलीचा पंखा बंद ठेवायची. उन्हाळ्यात ओढणी घामानं भिजायची. थर सुकला की आधी वीज झिरपते का ते तपासायचं, झिरपली की पट्टी बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेल्या पट्ट्यांनी खोका भरला.

मग एका दुपारी दाब दिला तरी मीटरवरचा काटा जागचा हलला नाही. आम्ही अभिक्रिया सुरू केली आणि नमुना तपासला. एक पदार्थ जास्त आला होता. मी दाबाची दिशा उलटी केली. या वेळी दुसरा पदार्थ वरचढ झाला. मॅडमनी तो आलेख हातात घेतला, खिडकीपाशी नेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "पुन्हा कर." पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि एवढंच बोलल्या, "झालं गं पोरी."

तोंडी परीक्षेला आई पहिल्या रांगेत बसली होती. इंदापूरची मावशीही आली होती. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, "ही उष्णता नाही कशावरून?" मी दोन्ही आलेख शेजारी शेजारी लावले. उष्णतेला दिशा नसते, म्हणाले. दाब उलटा केल्यावर उत्तर उलटलं, म्हणजे हे काम क्षेत्राचंच आहे. त्यांनी दोन्ही आलेखांवरून नजर फिरवली आणि मान डोलावून पुढचा प्रश्न काढला.

परीक्षा संपल्यावर ते आईपाशी गेले. "तुमच्या मुलीनं फार अवघड काम केलंय."

"ठावं हाय मला," आई म्हणाली. "पैल्यांदा झालं न्हवतं. मंग तिनं थर बदलले."

मावशी आईकडे बघतच राहिली. मी आईला प्रयोगशाळेत नेलं आणि त्या दोन पट्ट्या तिच्या तळहातावर ठेवल्या. नखाएवढीच जागा होती मधली. तिनं त्या उजेडात धरून पाहिल्या.

"एवढुशात?"

"एवढुशात."

तिनं पट्ट्या अलगद टेबलावर ठेवल्या, पदर सारखा केला आणि दारात उभ्या मावशीला म्हणाली, "ये आत, तुला दावते."