कावळ्यासमोर दिलेला शब्द

माझी फजिती सांगतो, ऐका. हसायचं असेल तर हसा. दादा असता तर तोच आधी पोट धरून हसला असता.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. मुरुम गावाच्या रस्त्यावर गाडीवरून पडला आणि गेला. दहाव्याला तळ्याकाठी पिंड ठेवला, तर कावळा शिवेना! झाडावर बसून नुसता बघतोय.

तात्या, आमचे चुलते, हात जोडून म्हणाले, "तुझ्या आईला अंतर देणार न्हाय, पोरा."

कावळा ढिम्म.

आई म्हणाली, "धाकट्याचं लगीन लावून देते रं."

कावळ्यानं तोंडच फिरवलं! बघा माझी किंमत.

माझा जीव कासावीस झाला. आणि मी आयुष्यात कधी विचार करून बोललोय? ओरडलो, "दादा, बाबूरावला म्या मरू देणार न्हाय!"

कावळा झपकन खाली आला. शिवला!

सगळे ढसाढसा रडले. मग डोळे पुसून एकदम म्हणाले, "बाबूराव कोण?"

आता आली का पंचाईत! दादा कंप्युटरवर एक गेम खेळायचा. हजार वर्षांपूर्वीचे दर्यावर्दी, लांब होड्या, कुऱ्हाडी, बर्फच बर्फ. त्यात तांबड्या दाढीचा एक नावाडी कायम दादाच्या मागं. त्याचं खरं नाव आमच्या जिभेला वळेना, म्हणून दादानं बाबूराव ठेवलं. लढाईत हा दर वेळी मरायचा आणि दादा चिडून पुन्हा पहिल्यापासून लढायचा.

हे चारचौघांत कसं सांगू? म्हणालो, "दोस्त हाय दादाचा. लई जिवाचा."

"लोहाऱ्याचा का?" तात्यांनी विचारलं. मी मान डोलावली.

"आजारी हाय?" पुन्हा डोलावली.

तात्या जीपनं लोहाऱ्याला जाऊन दोन बाबूराव बघून आले. दोघेही ठणठणीत!

तेराव्याला आईनं त्याचं वेगळं ताट वाढलं आणि दारात बसली. "येऊ दे त्याला. माझ्या लेकाचं कायतरी सांगंल."

ते ताट निवताना मला बघवेना. "आई, तो येत न्हाय. तो कंप्युटरात हाय."

आई उठली. पदर खोचला. "दाव."

गेम लावला. दादानं सोडला होता तिथंच, बर्फात, होडीजवळ बाबूराव उभा.

"कवापस्नं उभाय?"

"दादा गेल्यापस्नं."

"एवढ्या थंडीत? ने की त्याला, येड्या!"

पण खेळायचा दादा. मी शेजारी बसून शेंगा खायचो. होडीत बसायचं म्हणून एक बटण दाबलं, तर माझ्याच कुऱ्हाडीचा घाव बाबूरावच्या टाळक्यात!

"मारलास त्याला!" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. दादा गेल्यापासूनचा पहिलाच.

पण बाबूराव मेला नव्हता, टाळकं चोळत उठला. होडीत जाऊन वल्हं धरून बसला. शेजारची जागा मोकळीच होती. आई बराच वेळ त्या जागेकडं बघत राहिली.

आता संध्याकाळी कंप्युटर तीच लावायला सांगते. "जेवलास का रं?" असं त्याला विचारते. मी बटणाकडं हात नेला की खेकसते, "लांब हो! एकच उरलाय मला, त्याला बी मारशील!"

एकच म्हणे! मग मी कोण?

मी आपला गुमान शेंगा सोलत बसतो. सवयीनं दादाच्या वाटणीच्याही.