मुहूर्ताची साडी

सुरतेच्या रिंग रोडवरच्या कापड बाजारात रसीलाबेनच्या नावाची पाटी कुठंच नव्हती. पण कॅटलॉगमधल्या मुलीच्या अंगावर साडी चापूनचोपून बसलेली दिसली, की व्यापारी म्हणायचे, "हा रसीलाबेनचा हात." मुंबईहून फोटोसाठी येणाऱ्या त्या उंचेल्या मुलींना साडी नेसवणं, हेच तिचं काम. ओठांत टाचण्या धरून ती स्टुलावर चढायची आणि तशाच तोंडानं दटावायची, "पोट आत घे गं! सकाळी सकाळी घारी हाणलीस की काय?"

नटूशेठच्या पेढीवर तर तिचा मान वेगळाच. दिवाळीनंतर लाभपाचमेला दुकानं उघडली, की वर्षाची पहिली साडी मॉडेलला नेसवायचा मुहूर्त तिच्या हातानं व्हायचा आणि ती साडी तिलाच मिळायची. मुहूर्त जिच्या हातचा, वर्षभराचं काम तिचं. हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण मोडलंही नव्हतं.

यंदा मात्र धाकधूक होती. श्रावणापासून बोलावणं नव्हतं. शेठचा मुलगा मौलिक म्हणे संगणकावरच बाई तयार करतो आणि साडीही तोच नेसवतो. त्यात दिवाळीच्या तोंडावर पेपरात आलं, की सुरतेतल्या कोणकोणत्या कामांवर या यंत्रबुद्धीची गदा येणार. सून किंजलनं आपल्या बाला, म्हणजे सासूला, मोठ्यानं वाचून दाखवलं. हिशेबनीस होते, डिझाइन काढणारे होते, फोटोवाले होते.

"आणि साडी नेसवणाऱ्या?"

"नाही, बा, तुमचं नाव नाही."

"बघ! हाताचं काम आहे आपलं," रसीलाबेन म्हणाली आणि त्या दिवशी पोटभर जेवली. बुडत्याला काडीचा आधार; हिला पेपरचा.

पाचमेच्या आदल्या दिवशी शेठचा फोन आला. "साल मुबारक, बेन! उद्या मुहूर्ताला या. तुमच्या हाताशिवाय आमचं पान हलत नाही."

रसीलाबेनचे डोळेच भरून आले. "यंदाची साडी तुला," तिनं सुनेला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी टाचण्यांची गादी मनगटाला बांधून ती पेढीवर गेली. कॅमेरा नाही, दिवे नाहीत, मुलगीही नाही. टेबलावर नवा संगणक, त्याला झेंडूचा हार, पुढे नारळ.

"मॉडेल यायचीय का अजून?"

"आत बसलीय," मौलिक संगणकाकडे बोट दाखवून हसला.

शेठ पुढं आले. "नवीन यंत्र घेतलंय, बेन. पहिलं बटण तुम्हीच दाबायचं. शकुनाचा हात आहे तुमचा, नाही म्हणू नका."

तिच्या अंगाची लाही झाली. माझ्या पोटावर पाय द्यायचा तो द्या, वर माझ्याच हातानं मुहूर्त कशाला, असं तोंडावर सांगावंसं वाटलं. पण सणाचा दिवस, आणि शेठचं मीठ खाल्लेलं. कुंकवाचं बोट तिनं बटणावर टेकवलं.

पडद्यावर एक बाई उभी राहिली. अंगावर बांधणीच्या नक्षीची लाल साडी, निऱ्या एकसारख्या, पदर जिथल्या तिथं. रसीलाबेननं खालपासून वरपर्यंत निरखून पाहिलं. खोट काढायला जागा नव्हती.

"छान नेसवलीय," ती म्हणाली. ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

शेठना हायसं वाटलं. सवयीनं ते म्हणाले, "मौलिक, बेनची साडी आण."

"कुठली साडी, पप्पा?"

"अरे, हीच. ही दिसतेय ती."

"ती अजून छापलीच नाहीये. आधी फोटो पाठवायचा. ऑर्डर आली तर छापायची."

 शेठनी पूजेचा नारळ आणि पेढ्यांचा पुडा तिच्या हातात ठेवला. रसीलाबेननं मनगटावरची गादी सोडून पिशवीत टाकली आणि जिना उतरली.

किंजल घराच्या दारातच उभी होती. "बा, साडी?"

"साडीच नाही गं. अजून जन्मालाच आलेली नाही." रसीलाबेननं नारळ तिच्या हातात दिला. "आणि त्या पेपरात माझं नाव नव्हतं ना? अगं, हे असलं काम असतं, हेच त्यांना ठाऊक नव्हतं. जा, फोड हा."