माझा पेला त्यांच्या फळीवर

ये गं, अशी जवळ बस. म्हणजे बसली असतीस तर बरं झालं असतं. ओसाकाला नोकरी लागल्यापासून तुझं सगळं फोनवर, "हो मावशी, येते मावशी," आणि मागे स्टेशनातली अनाउन्समेंट. इथे मावशी एका पेल्यापायी महिनाभर बुचकळ्यात पडलीय, त्याचा तुला पत्ता नाही. म्हणून लिहून काढतेय. नीट वाच, वरवर चाळू नकोस.

आमच्या शेजारच्या बाई तुला आठवतात ना, माझ्याच वयाच्या, एकट्या राहणाऱ्या? संध्याकाळी एक पेला साके घेतात, ती तांदळाची दारू. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बिचकले होते, मग सवय झाली. त्यांचं साके, माझा चहा. मला जपानी येतं ते चार शब्द, तरी तास कसा जातो कळत नाही. पेले त्या स्वतःच करतात, वॉर्डाच्या केंद्रात मातीकामाची भट्टी आहे, तिथे जाऊन. लिंबाएवढे इवलेसे. मला तर सगळे वाकडेच वाटायचे.

गेल्या महिन्यात त्यातला एक त्यांनी मला दिला, रुमालात बांधून. राखाडी, काठ एकीकडे जाड, एकीकडे पातळ, बुडाला माती तशीच उघडी. पोटाला एक खळगा. मला वाटलं, करताना चुकून दाबला गेला असेल. त्यांनी माझा अंगठा धरून त्या खळग्यात ठेवला, तर अगदी बरोबर बसला. आता तो माझ्या मापाने केला होता, की कुणाचाही अंगठा तिथे बसतो? ते मला अजून कळलेलं नाही.

साके आपण काही घेत नाही. मी त्यात देवापुढे दूध ठेवायला लागले. चौथ्या दिवशी गरम दूध ओतलं आणि पेला टिंग करून वाजला. चष्मा लावून बघते तर आतून बाहेरून केसाएवढ्या चिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. आता सांग, तडा गेलेलं भांडं देवापुढे ठेवतात का? घरात तरी ठेवतात का? सासूबाई तर तडकलेली बशीसुद्धा त्याच दिवशी घराबाहेर काढायच्या. मला वाईट वाटलं, पण मनात शंका नव्हती. न जळणाऱ्या कचऱ्याचा वार बघितला, पेला वर्तमानपत्रात गुंडाळला, नातीकडून वर जपानीत 'धोका' लिहून घेतलं आणि सकाळी आठच्या आत पारदर्शक पिशवीत नेऊन ठेवला. सगळं नियमाने.

त्या आठवड्यात कचऱ्याची जागा झाडायची पाळी कुणाची होती? त्यांचीच.

दुपारी बेल वाजली. दारात त्या, हातात धुतलेला पेला; पिशवीत कागद सुटला असणार. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. नात शाळेतून आलेली होती, तिला मध्ये उभं केलं. बाई शांतपणे बराच वेळ बोलल्या.

"काय म्हणतायत?"

"दाइजोबु म्हणतायत, आजी. इट्स ओके."

"एवढं बोलल्या आणि एवढंच?"

"बाकीचं पेल्याबद्दल आहे."

"अगं बये, तेच तर हवंय मला."

मग बाईंनी स्वतःच दाखवलं. पेल्यात पाणी भरलं, कागदावर ठेवला. कागद कोरडाच राहिला. म्हणजे चिरा नुसत्या वरच्या काचेसारख्या थरात, माती शाबूत. घरून आपला जुना पेला आणला. त्याच्यावर तसंच जाळं, पण चहासारखं तपकिरी. नात म्हणाली, रोज वापरला की रेषांना रंग चढतो, पेला असा वर्षानुवर्षं वाढवायचा असतो, लहान मुलासारखा. मी मान डोलावली. चिरा पडलेल्या चांगल्या, हे डोक्यात शिरायला मला दोन दिवस लागले.

पण त्यानंतर त्यांनी काय केलं? माझा पेला रुमालात बांधला आणि परत घेऊन गेल्या.

तेव्हापासून मला काही उमजत नाही. जिन्यात भेटल्या की वाकतात, पण पूर्वीपेक्षा जरा जास्तच. हा मान म्हणायचा की अंतर? मी थालीपीठं दिली, डबा परत आला तो पर्सिमनची फळं घालून, नेहमीसारखाच. चहाला मात्र महिनाभर बोलावणं नाही.

परवा डबा द्यायला गेले तेव्हा दारातून फळी दिसली. माझा पेला त्यांच्या पेल्याला लागून ठेवलेला, आणि रेषा किंचित पिवळसर. म्हणजे त्या त्याच्यातून पितायत. माझ्यासाठी वाढवतायत, की मला जमणार नाही म्हणून ठेवून घेतलाय? नातीला म्हटलं विचार, तर म्हणते, "आजी, असं विचारत नाहीत."

इतक्या वर्षांत मला इथे मैत्रीण मिळाली ती ही एकच. ती मी कचऱ्यात तर नाही ना टाकली, एवढंच मला कळायला हवं. तुला त्यांची भाषा येते, चेहराही वाचता येतो. या शनिवारी शिनकानसेन गाडी पकड आणि ये. मी चकल्या करते, आपण दोघी घेऊन जाऊ, आणि तू आडून आडून विचार. लवकर ये गं, त्या रेषा फार गडद व्हायच्या आत.