मागच्या अंगणातलं जपान

शिवणाऱ्या बायका गल्लीत बऱ्याच होत्या, उसवणारी एकच. गिऱ्हाइकाने आरशासमोर उभं राहून "झकास बसलाय हो" म्हटलं, तरी टेलरबाईंचा डोळा खांद्याच्या शिवणीवर अडकलेला असे. "काढा जरा," म्हणत त्या कोट हातात घेत आणि चांगली शिवलेली बाही उसवून टाकत. गिऱ्हाईक वैतागून जाई, पण पुढच्या वेळी पुन्हा त्यांच्याच दारात उभं राही. त्यांच्या हातचा कोट फाटला तरी शिवणीत फाटत नसे.

त्यांचं मशीन मागच्या खिडकीशी होतं. खिडकीबाहेर अरुंद अंगण आणि अंगणाच्या पलीकडे शेजाऱ्यांची उंच भिंत. ऊन तिथे उभ्या उभ्या येऊन जायचं, पाहुण्यासारखं. तिथे बाईंनी गुलाब लावला, त्याने काटे तेवढे दिले. शेवंती लांबलचक वाढून आडवी झाली. टोमॅटोला पानंसुद्धा धड आली नाहीत. शेवाळं मात्र न लावता जोमात होतं, आणि त्याच शेवाळ्यावरून धाकटी जाऊ ओल्या कपड्यांच्या बादलीसकट घसरली. मनगट प्लास्टरमध्ये गेलं. प्लास्टर निघालं, तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

"ताई, तिथे सगळीकडे फरशी घालायची. सुकं, स्वच्छ. कपडे वाळत घालायला मलाच जावं लागतं."

दोघींच्या नवऱ्यांनी "तुम्ही दोघी ठरवा" म्हणून अंग काढून घेतलं. पण दिवसभर मशीनवर मान मोडायची आणि वर बघावं तर फरशी, हे टेलरबाईंना पटेना. घसरून पडलेल्या बाईला नाही तरी कसं म्हणायचं?

त्याच सुमाराला कोट आल्टर करायला येणाऱ्या मास्तरीणबाईंनी ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या काळपट मुळ्या आणून दिल्या. "जपानी अ‍ॅनेमोन. सावलीत येतं. सगळ्यांची फुलं आटपली की याला फुलं येतात. लावा आणि विसरा."

लावणं बाईंना जमलं. विसरणं जमलं नाही.

मुळ्या आधी भिंतीशी लावल्या. पानं मान टाकायला लागली, म्हणून उकरून नळापाशी आणल्या. तिथे पाणी साचतंय असं वाटलं, म्हणून खिडकीखाली. मधूनमधून माती बाजूला सारून नवी मुळं फुटली का तेही बघून झालं. पानगळ आली, गेली; फुलाचा पत्ता नाही.

"काय म्हणतंय तुमचं जपान?" जाऊ दोरीवर चादर टाकता टाकता विचारी. "भूकंप झाला वाटतं पुन्हा?"

शेवटी तिनेच निकाल लावला. पुढच्या पानगळीत, भिंतीपलीकडच्या झाडावरचं शेवटचं पान पडायच्या आत फूल आलं, तर माती राहील. नाही आलं, तर फरशी. टेलरबाई म्हणाल्या, "चालेल."

मास्तरीणबाई अस्तर बदलून घ्यायला आल्या आणि खिडकीतून बघतच राहिल्या. "हे इथे कधी लावलं होतं?"

"हलवलं थोडं."

"थोडं म्हणजे?"

"तीनदा लावलं म्हणा ना. बसत नव्हतं नीट."

"एकच शिवण तीनदा उसवली तर कापडाचं काय होतं हो?"

"कापड राहतं," टेलरबाई हळूच म्हणाल्या, "पण सुईची भोकं दिसतात."

"मग आता सुई खाली ठेवा."

त्या दिवसापासून टेलरबाईंनी खुरपं जावेच्या हवाली केलं. "मागितलं तरी देऊ नकोस." जाऊ हसली, पण तिने ते खरंच आपल्या कपाटात टाकून कुलूप लावलं. बाई तेवढं पाणी घालत, मुळाशी कुजकी पानं पसरत आणि हात मागे बांधून परत येत. फार हात शिवशिवले, तर कुणाची तरी बाही उसवत. त्या उन्हाळ्यात गिऱ्हाइकांचे फार हाल झाले.

पानं मात्र रुंद, गर्द झाली. मग एक उंच बारीक दांडा वर आला, आणि टोकाला गोल, लवदार कळी धरली, रेशमाने मढवलेल्या बटणासारखी. तोवर भिंतीपलीकडच्या झाडाचा खराटा होत आला होता आणि फरशीवाला माप घेऊन गेला होता.

"कळी म्हणजे फूल नव्हे," जाऊ म्हणाली.

"मी कुठे म्हटलं?"

गारठा वाढला. कळी मिटलेलीच. एका सकाळी जाऊ स्वतः कुंडी आणि खुरपं घेऊन खाली आली. "ताई, उचला ते आणि पुढच्या दारी उन्हात ठेवा. उद्या फुलेल. मी हरले म्हणेन, बास? मलाच बघवत नाही आता."

खुरप्याचा दांडा टेलरबाईंच्या हातात आला. पुढच्या दारी लख्ख ऊन पडलं होतं. फुललं असतंही कदाचित. त्यांनी खुरपं परत केलं.

"नाही. इथे फुललं तर फुललं. नाही फुललं, तर फरशीवाल्याला मीच निरोप देते. पण आता हलवायचं नाही."

"हट्टीच आहात."

"आहेच."

झाडावर मोजकी पानं राहिली असताना, भुरभुर पावसात, ते फुललं. फिकट गुलाबी, मध्ये पिवळं धमक, एक पाकळी दुमडलेली. दोघी छत्रीखाली उभ्या राहून बघत होत्या.

"बरं," जाऊ अखेर म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द. पण ताई, मी पुन्हा पडले तर?"

टेलरबाई आत गेल्या, टेप आणि खडू घेऊन आल्या. दारापासून दोरीपर्यंत जाऊ बादली घेऊन कशी चालते ते तिला चालून दाखवायला लावलं, तिच्या पावलांच्या दोन्ही बाजूंना, शिवणीत जादा कापड सोडतात तशी, ऐसपैस माया सोडली, आणि पायरीच्या दगडावर दोन ठसठशीत खुणा केल्या.

"एवढ्या पट्ट्यात फरशी घाल. खरबरीत घे, गुळगुळीत नको. याच्या पलीकडे हात लावायचा नाही."

"कुणी? मी की तुम्ही?"

"दोघींनी," टेलरबाई म्हणाल्या, आणि टेप गुंडाळायला लागल्या.