बांधावरची राजेळी

अनुजला भाजी आणायला पाठवायचं म्हणजे घरादाराला उपास घडवायचा. चार टोपल्या उलथ्यापालथ्या करून तो पुन्हा पहिल्या टोपलीपाशी यायचा. त्याच माणसानं मला मात्र माझ्या माहेरच्या नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये कपभर चहात पसंत केलं होतं. लग्नानंतर त्याचा स्वभाव कळला, तशी ही गोष्ट मला खुपायला लागली. इतकं पारखून घेणाऱ्यानं मला न पारखता घेतलं, म्हणजे कुणीही चाललं असतं की काय?

१९९७ साली तो सातिवलीत, रुडॉल्फ सरांच्या छोट्या कंपनीत प्रोग्रॅमर होता. प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे बनवणाऱ्यांसाठी ते सॉफ्टवेअर करत. एका साच्याचे शेकडो सुटे भाग, एकात एक अडकलेले. नेहमीच्या डेटाबेसात ते तोडून तक्त्यांत भरायचे आणि दर वेळी पुन्हा जुळवायचे. म्हणून सरांना ऑब्जेक्ट डेटाबेस हवा होता. त्यात साचा अख्खाच्या अख्खा राहतो. निवड त्यांनी अनुजवर सोपवली आणि पस्तावले. विकायला येणाऱ्या प्रत्येकाला हा विचारी, तुमची कंपनी बंद पडली तर आमची माहिती बाहेर कशी काढायची? लग्नाच्या बैठकीत कुणी घटस्फोटाचं विचारावं, तसे ते लोक बघत.

शेवटी एकदाचा त्यानं एका परदेशी कंपनीचा डेटाबेस निवडला. पण रोज संध्याकाळी सगळे साचे साध्या मजकुरात उतरवून ठेवणारा एक प्रोग्रॅमही लिहिला. तो चालू झाला की बाकीच्यांची कामं खोळंबत. सर चिडत. अनुज म्हणे, आमच्या वाडीत असंच करतात. माझे सासरे, दिनानाथ, नव्या जातीच्या केळीचे मुनवे, म्हणजे कोंब, लावले तरी बांधालगतची जुनी राजेळी उपटत नसत. नवी केळ रुजली नाही, तर परत यायला काहीतरी हवं ना.

चार वर्षांनी ती परदेशी कंपनी विकली गेली आणि नव्या मालकानं तो डेटाबेसच बंद केला. सर डोक्याला हात लावून बसले. अनुजनं त्या साध्या मजकुरावरून सगळे साचे नेहमीच्या डेटाबेसात पुन्हा उभे केले. एकही भाग हरवला नाही. सर मुद्दाम घरी येऊन सासऱ्यांच्या पाया पडून गेले. कशाबद्दल, ते सासऱ्यांना काही उमगलं नाही.

सर गेल्यावर मी अनुजला वाडीत विहिरीपाशी गाठलं आणि इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं. वांगी पारखतोस, डेटाबेस पारखतोस, मग मलाच का नाही पारखलंस?

त्यानं बांधावरच्या राजेळीकडे बोट दाखवलं.

"तुझ्या वेळी परत यायची वाट ठेवायचीच नव्हती," तो म्हणाला.

मी पदरानं डोळे पुसले आणि त्याला भाजी आणायला पाठवलं. त्या दिवशी जेवायला फार उशीर झाला, पण मी काही बोलले नाही.